मॉरिशस बेटावरील मराठी वारसा

प्रशांत महासागरात रापानुई नावाचे एक एकाकी बेट आहे. नकाशात ते ईस्टर बेट म्हणून दाखवले जाते. तेथील पॉलिनेशियन लोकांनी दगडाचे प्रचंड पुतळे उभारले आणि लाकडी फळ्यांवर ‘रोंगोरोंगो’ नावाची चिन्हलिपी कोरली. १८६२ मध्ये पेरू देशातून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी या बेटावरून माणसे पळवून नेण्यास आरंभ केला. त्यांतील जी थोडी परतली, त्यांच्याबरोबर देवीची साथ आली. १८७७ मध्ये बेटावर अवघी १११ माणसे उरली होती. पुतळे आजही उभे आहेत, सुमारे दोन डझन फळ्याही संग्रहालयांत सुरक्षित आहेत. परंतु त्यांवर काय लिहिले आहे, हे आज कोणालाही वाचता येत नाही. वस्तू उरली आणि शिकवणाऱ्यांची परंपरा तुटली, तर वारशाचे काय होते, याचे हे बोलके उदाहरण होय.

एकोणिसाव्या शतकाच्या त्याच मध्यकाळात हिंदी महासागरातील दुसऱ्या एका बेटावर मराठी माणसे पाऊल ठेवीत होती. मादागास्करच्या पूर्वेस असलेल्या मॉरिशसला मूळचे रहिवासी असे नव्हतेच. डच, त्यांच्यानंतर फ्रेंच आणि १८१० पासून इंग्रज, अशा सत्ता तेथे एकामागून एक आल्या. १८३५ मध्ये बेटावरील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली आणि उसाच्या मळ्यांना मजूर मिळेनासे झाले. त्यापूर्वीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अ‍ॅटलस’ हे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईस बंदरात पोचले होते. पुढील सुमारे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय या मार्गाने तेथे गेले. मजुरीच्या कराराला इंग्रजीत ‘अ‍ॅग्रीमेंट’ म्हणत. त्याचाच अपभ्रंश ‘गिरमिट’.

या प्रवाशांत सर्वाधिक भरणा बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातील लोकांचा होता. मद्रासकडून तमिळ व तेलुगू लोक गेले. मुंबई बंदरातून जाणाऱ्यांची संख्या त्या मानाने लहान असली, तरी तीत रत्नागिरी, सावंतवाडी या भागांतील कोकणी माणूस ठळक होता. खडकाळ जमीन, वाढते कुटुंब आणि अपुरे धान्य यांमुळे कोकणातील तरुण घर सोडून फौजेत किंवा मुंबईत रोजगार शोधीतच असे. मुंबईत कापडगिरण्यांचा धूर अजून दिसू लागला नव्हता, त्या काळी ‘मिरीच’ देशाची वाट त्यांपैकी काहींनी धरली. महिना पाच रुपये मजुरी, ठरलेला शिधा आणि पाच वर्षांची मुदत, असा सामान्यतः करार असे.

पोर्ट लुईसच्या धक्क्यावर १८४९ मध्ये मजुरांसाठी तळ बांधण्यात आला. आज ‘आप्रवासी घाट’ या नावाने ओळखले जाणारे हे ठिकाण २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तेथील पायऱ्या चढून आलेल्या प्रत्येकाची नोंद होई, क्रमांक मिळे आणि मग त्याची रवानगी मळ्यावर होई. परदेशी कारकुनाने ऐकू आले तसे नाव लिहिले. त्यामुळे अनेक घराण्यांत गावाच्या नावावरून आलेले आडनाव मागे पडले आणि आजोबा-पणजोबांचे नावच कुलनाम होऊन बसले. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या मजुरावरही छायाचित्र असलेला परवाना सदैव जवळ बाळगण्याची सक्ती केली. १८७१ मध्ये या जाचाविरुद्ध हजारोंच्या सह्यांचा अर्ज गेला आणि त्यानंतर सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. नियंत्रणासाठी जपलेली ती छायाचित्रे व नोंदवह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. ज्या कागदांनी माणसांना जखडले, त्याच कागदांतून त्यांचे वंशज आपले मूळ गाव शोधतात.

पेटीत फारसे काही नसताना या माणसांनी सोबत काय नेले? त्यांनी कोकणच्या घरातला गणपती नेला. लोकमान्यांनी १८९३ पासून ज्याला चालना दिली त्या सार्वजनिक उत्सवाच्या कितीतरी आधी ही मंडळी निघाली होती. म्हणून मॉरिशसच्या गणेशचतुर्थीचा गाभा घरगुती राहिला: मातीची मूर्ती, घरची आरती, मोदक, करंजी आणि नदीत किंवा समुद्रात विसर्जन. या सणाला तेथे राष्ट्रीय सुटी असते. रत्नागिरीकडील जाखडी नृत्यही त्यांच्याबरोबर गेले. मधोमध वादक व गायक आणि भोवती फेर धरून नाचणारे तरुण, ही त्याची रचना तेथेही ओळखू येते. कुलदैवताचा गोंधळही तेथील मराठी घरांत घातला जातो.

मात्र भाषेचे भाग्य वेगळे ठरले. मळ्यावर बहुसंख्य मजूर भोजपुरी बोलत, बाजारात क्रिओल चाले, कचेरीत इंग्रजी आणि वृत्तपत्रांत फ्रेंच. मराठी कुटुंबे संख्येने थोडी आणि विखुरलेली होती. शेजाऱ्याशी भोजपुरीत बोलता बोलता मुले घरातही तीच बोलू लागली आणि पुढे क्रिओलने दोहोंना मागे सारले. आरतीचे शब्द पाठ राहिले, त्यांचा अर्थ मात्र विसरत चालला. रोंगोरोंगोच्या फळ्यांवर ओढवलेली वेळ मराठीवरही येण्याची भीती होती.

ती वेळ टळण्याचे मोठे कारण शिक्षण. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना महात्मा गांधी मॉरिशसला थांबले आणि मुलांना शिकवा, असे त्यांनी तेथील भारतीयांना सांगितले. निरनिराळ्या समाजांनी आपापल्या वस्तीत संध्याकाळच्या शाळा चालवल्या. दिवसभर उसात राबलेला माणूस रात्री कंदिलाच्या उजेडात मुलांना देवनागरी अक्षरे गिरवायला लावी. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. आज तेथील सरकारी प्राथमिक शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय आहे आणि १९७० मध्ये पायाभरणी झालेल्या महात्मा गांधी संस्थेत तिचा उच्च अभ्यासही होतो. घरात रोज मराठी बोलणारी कुटुंबे थोडीच उरली आहेत. पण आरती वाचून समजून घेणारी मुले आहेत.

लखनौच्या विकास नगरात वाढणाऱ्या मराठी मुलाला या इतिहासात ओळखीच्या खुणा सापडतील. त्याच्याही उंबरठ्याबाहेर दुसरी, मोठी आणि गोड भाषा आहे. ज्या प्रदेशांतून बहुसंख्य गिरमिटिये गेले, त्यांत याच राज्याचा पूर्व भागही येतो. शेजाऱ्याची भाषा आपलीशी करणे यात उणेपणा काहीच नाही. मॉरिशसची सारी संस्कृती त्यातूनच घडली आहे. परंतु सण घर सांभाळते, अर्थ मात्र शाळेला सांभाळावा लागतो. ज्या शाळेत साठ वर्षे दररोज फळ्यावर मराठी अक्षर उमटले, तिने किती पिढ्यांचा वारसा वाचता ठेवला, याचा हिशेब या दोन बेटांच्या कथांवरून करता येईल.