सभेचा पती आणि सदसातला सतरावा

लोकसभेला अध्यक्ष, राज्यसभेला सभापती. हा फरक आपल्याला इतका पाठ झालेला असतो की त्यातला पेच सहसा नजरेत भरत नाही. दोन्ही सभागृहांच्या नावांत ‘सभा’ आहे. मग सभेचा पती एकाच ठिकाणी का? मुंबईत पाहावे तर विधानसभेला अध्यक्ष आणि विधानपरिषदेला सभापती. म्हणजे ज्या सभागृहाच्या नावात ‘सभा’ नाही, नेमक्या त्यालाच सभापती. पणजीची मराठी वृत्तपत्रे विधानसभेच्या प्रमुखाला बिनदिक्कत ‘सभापती’ म्हणतात. नेपाळात तर क्रम पुरता उलटलेला दिसतो: तिथल्या प्रतिनिधिसभेला ‘सभामुख’ आणि वरच्या राष्ट्रिय सभेला ‘अध्यक्ष’. बंगालीत सभापती बहुधा संस्थेचा किंवा पक्षाचा असतो, आणि ‘अध्यक्ष’ म्हटले की कॉलेजचे प्राचार्यही डोळ्यांसमोर येतात. पंचायत समितीचे आणि बाजार समितीचे सभापती तर आपल्या तालुक्या-तालुक्यांत आहेतच.

घटनेच्या इंग्रजी संहितेत भेद स्पष्ट आहे: एकीकडे स्पीकर, दुसरीकडे चेअरमन. स्पीकर म्हणजे मुळात इंग्लंडच्या कॉमन्स सभागृहाचे म्हणणे राजापुढे जाऊन बोलणारा. नेपाळी ‘सभामुख’ हा त्याचा अगदी अचूक प्रतिशब्द. आपण मात्र बोलणाऱ्यासाठी पाहणारा निवडला, कारण ‘अध्यक्ष’ या शब्दात तोंड नाही, डोळा आहे. ह्यामागे ‘प्रेसिडेंट’ असावा असे मला वाटते. १९१९च्या कायद्याने आलेल्या केंद्रीय विधिमंडळाच्या प्रमुखाला स्पीकर नव्हे, प्रेसिडेंट म्हणत. १९२५ साली विठ्ठलभाई पटेल त्या जागी निवडून आले, १९४६ साली दादासाहेब मावळंकर. प्रेसिडेंटला ‘अध्यक्ष’ म्हणण्याची सवय काँग्रेसच्या अधिवेशनांमुळे आधीच रुळलेली होती. १९५२ साली मावळंकर लोकसभेचे पहिले स्पीकर झाले, तोवर इंग्रजी नाव बदललेले होते, तरी देशी नाव आसनाला चिकटून राहिले असावे. उरलेला ‘सभापती’ चेअरमनच्या वाट्याला आला.

वाटणी योगायोगाची असली तरी शब्द सामान्य नाहीत. ‘अध्यक्ष’ म्हणजे अधि + अक्ष, वरून नजर ठेवणारा. कौटिल्याच्या दुसऱ्या अधिकरणाचे नावच ‘अध्यक्षप्रचार’ आहे, आणि त्यात शेतीचा सीताध्यक्ष, मालाचा पण्याध्यक्ष, मद्याचा सुराध्यक्ष अशी रांगच लागते. हे सगळे खात्याचे अधिकारी, सभेचे प्रमुख नव्हेत. त्याहून मागे गेले तर नासदीय सूक्ताच्या अखेरीस परम व्योमातून विश्वाकडे पाहणारा ‘अध्यक्ष’ भेटतो. पण हे सगळे त्याला तरी ठाऊक आहे की नाही, अशी शंका ऋषी तिथेच घेतो.

‘पती’चे घराणे तर फार दूरवर पसरले आहे. लॅटिन ‘पोटिस’ म्हणजे समर्थ, लिथुआनियन ‘पात्स’ म्हणजे स्वतः, नवरा. फारसीत सेनापतीला ‘सिपहबद’ म्हणतात, त्यातला ‘बद’ म्हणजे आपला पतीच. सर्वांत गमतीचा ग्रीक ‘देस्पोतेस’. जुलमी सत्ताधीश असा अर्थ युरोपभर पसरवणारा हा शब्द आणि वेदातला ‘दंपती’ मुळात एकच. ‘दम’ म्हणजे घर, त्याचा धनी. संस्कृतात द्विवचनाने त्यात नवरा-बायको दोघांना घेतले आणि ‘दंपती’ म्हणजे जोडपे झाले. ग्रीकांचा धनी मात्र एकटाच राहिला आणि पुढे हुकूमशहा झाला. हाच शब्द कोणत्या घरात वाढला यावर त्याचा स्वभाव ठरला असे दिसते.

आपल्याकडचे पारंपरिक व्युत्पत्तिकार ‘पती’ हा ‘पा’ म्हणजे रक्षण करणे या धातूपासून साधतात. तौलनिक भाषाशास्त्राचा कल धनी, समर्थ या अर्थाकडे आहे. राज्यसभेचा सभापती यांतला कोणता? घटनेची कलमे पाहता कौल पहिल्याकडे जातो. उपराष्ट्रपती हा राज्यसभेचा पदसिद्ध सभापती. पण उपराष्ट्रपती कोणत्याच सभागृहाचा सदस्य असू शकत नाही. म्हणजे सभेचा पती सभेचा सभासद नाही. त्याला एरवी मत नाही. मते समसमान पडली तरच निर्णायक मत. सभेवर मालकी सांगावी असे काही त्याच्या हाती ठेवलेलेच नाही. उपसभापतीची गोष्ट निराळी. तो सदस्यांनी आपल्यातूनच निवडायचा. महाराष्ट्राच्या वाट्याला हे पद अनेकदा आले: चंद्रपूरचे रिपब्लिकन नेते बी. डी. खोब्रागडे, प्रतिभाताई पाटील, आणि प्रदीर्घ काळ नजमा हेपतुल्ला.

‘पदसिद्ध’ ह्या मराठी शब्दापाशीही क्षणभर थांबावेसे वाटते. हिंदीत त्यासाठी ‘पदेन’ आहे, म्हणजे ‘पद’ शब्दाची शुद्ध संस्कृत तृतीया. लॅटिन ‘एक्स ऑफिशिओ’ ही पंचमीसारखी विभक्ती. एकाने पदामुळे म्हटले, दुसऱ्याने पदातून. मराठीने विभक्ती सोडून समास केला.

सभापती हा शब्द आधुनिक भाषांतरातून घडला असे कोणाला वाटले तर त्याने रुद्र म्हणणाऱ्या गुरुजींजवळ बसावे. शुक्ल यजुर्वेदाच्या सोळाव्या अध्यायात रुद्राच्या नाना रूपांना नमस्कार करता करता ऋषी सभांना आणि सभापतींनाही नमस्कार करतो. घरोघरी अभिषेकाला ते शब्द आजही कानावर पडतात. तोच रुद्र चिदंबरमला नटराज होतो आणि तिथे त्याचे नावच ‘सभापती’. सभा म्हणजे तिथे नाचाचे दालन. तमिळनाडूत ‘सबापती’ हे माणसाचे नाव म्हणून सर्रास आढळते. राज्यसभेचे पहिले सभापती डॉ. राधाकृष्णन हे तिरुत्तणीचे. या शब्दाचा हा देवळातला अर्थ त्यांच्या चांगलाच ओळखीचा असणार. तमिळमध्ये राज्यसभेला आज ‘मानिलंगळवै’ म्हणतात. त्यातल्या ‘अवै’चे मूळही ‘सभा’च, आरंभीचा ‘स’ गळालेली, असावे.

आता ‘सभा’. अथर्ववेदात सभा आणि समिती ह्या प्रजापतीच्या दोन मुली आहेत. दोन सभागृहांच्या व्यवस्थेला यापेक्षा जुना दाखला शोधायची गरज नाही. परंपरेने ‘सह भान्ति’, जिथे सगळे एकत्र शोभतात, असा विग्रह केला आहे. पाश्चात्त्य पंडितांपैकी काहींनी तो गॉथिक ‘सिब्या’, म्हणजे नातलगपणा, याच्याशी जोडला आहे. तसे असेल तर सभा म्हणजे आधी भाऊबंदांची बैठक असावी, आपल्या गोतसभेसारखी. मात्र ऋग्वेदातला जुगारी याच सभेकडे निघतो, आज आपण जिंकू का असे मनाशी विचारत. पुढे द्यूतगृह चालवणाऱ्याला ‘सभिक’ नाव पडले. ‘मृच्छकटिका’तला माथुर हा असाच सभिक. आणि महाभारताच्या सभापर्वात काय घडले ते सांगायला नको. सभेत बसायला लायक तो ‘सभ्य’. गुजरातीत आणि बंगालीत सभ्य म्हणजे अजूनही सभासद. गुजराती वृत्तपत्र राज्यसभेच्या ‘सभ्यां’ची यादी देते. मराठीने सभेशी असलेले नाते विसरून फक्त शिष्टपणा ठेवला.

राज्यसभा हे नाव मात्र ‘सभा’ म्हणून जन्मले नाही. एप्रिल १९५२मध्ये ती अस्तित्वात आली तेव्हा इंग्रजीत तिचे नाव कौन्सिल ऑफ स्टेट्स होते आणि देशी प्रतिशब्द ‘राज्य परिषद’. २३ ऑगस्ट १९५४ रोजी सभापतींनी ‘राज्यसभा’ हे नवे नाव जाहीर केले. मुंबईतल्या विधानपरिषदेने जुना ‘परिषद’ शब्द जपला, दिल्लीने बदलला. अर्थाने फार अंतर पडले नाही. परिषद् म्हणजे भोवती बसणे, संसद् म्हणजे एकत्र बसणे, उपनिषद् म्हणजे गुरूजवळ बसणे. तिन्ही ‘सद्’ धातूची लेकरे. इंग्रजी ‘सेशन’ आणि ‘सिट’ही त्यांचे चुलतभाऊ. हिंदीत अधिवेशनाला ‘सत्र’ म्हणतात, तेही ह्याच कुळातले. वैदिक सत्र म्हणजे बारा दिवसांपासून वर्षावर चालणारा सोमयाग. त्यात सगळेच ऋत्विज आणि सगळेच यजमान, म्हणून कोणी कोणाला दक्षिणा द्यायची नाही. त्यांच्यातलाच एक ‘गृहपती’ म्हणून पुढे होतो.

बसण्यावरून सभेला नाव देण्याची ही रीत अरबीनेही पाळली आहे. ‘जलस’ म्हणजे बसणे; त्यापासून मजलस, इजलास आणि जलसा. इराणची संसद मजलिस. मराठेशाहीतली वतनाची भांडणे मजलशीपुढे जात आणि निवाड्याचा महजर होई. हा ‘महजर’ मात्र ‘हजर’च्या कुळातला: जे हजर होते त्यांच्या साक्षीचा कागद. आणि जलसा आपल्याकडे सत्यशोधकांच्या आणि आंबेडकरी शाहिरांच्या फडावर उभा राहिला. ज्यांच्या नावाने ते जलसे गावोगाव झाले, ते बाबासाहेब १९५२ ते १९५६, अखेरपर्यंत, मुंबई राज्याकडून निवडून आलेले राज्यसभेचे सदस्य होते.

‘सदस्य’ हा तर या सगळ्यांतला सर्वांत नेमका शब्द. सोमयागाच्या मांडवात ‘सदस्’ नावाची एक शाळा असते, तिथे ऋत्विज बसतात. मोठ्या यागात ऋत्विज सोळा. कौषीतकी परंपरा त्यात सतरावा जोडते आणि त्यालाच ‘सदस्य’ म्हणते. तो आहुती देत नाही, साम गात नाही. सगळे कर्म नीट चालले आहे ना, हे बसून पाहणे एवढेच त्याचे काम. राज्यसभेच्या कामाचे याहून चांगले वर्णन घटनेच्या भाष्यांतही मिळणे कठीण. सरकार तिच्या विश्वासावर टिकत नाही किंवा पडत नाही, अर्थविधेयक ती चौदा दिवसांहून अधिक अडवू शकत नाही. पण कर्मात चूक होते आहे का हे पाहायला ती बसलेली असते, आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य उठले तरी सदस् मोडत नाही. धर्मशास्त्रातल्या परिषदेची सविस्तर चर्चा करणारे महामहोपाध्याय पां. वा. काणे या सभागृहात पहिल्या दशकातच राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून बसले. मनूच्या परिषदेत किमान दहा जण हवेत, निदान तीन तरी. काण्यांसह नियुक्त असे बारा.

सभागृहात ‘नेता’ही असतो. पंतप्रधान राज्यसभेचे असतील तर तेच सभागृह नेते, जसे आसामकडून निवडून आलेले मनमोहन सिंग २००४ ते २०१४ होते. ‘नी’ म्हणजे नेणे, आणि नेतो तो नेता. ‘नेत्र’ही ह्याच धातूचा, वाट दाखवून नेणारा. अध्यक्षाच्या ‘अक्षा’प्रमाणे नेत्याच्या पोटीही शेवटी डोळाच निघतो.

मराठीत मात्र सदस्य म्हणून कोणी ओळखले जात नाही. आपण म्हणतो ‘खासदार’. हिंदीचा ‘सांसद’ आपल्याला परका वाटतो. ‘खास’ अरबी, ‘दार’ फारसी, म्हणजे धारण करणारा; संस्कृत ‘धृ’ आणि हा ‘दार’ सख्खे भाऊ. इराणच्या शिलालेखांतला दारयवहु, ज्याला ग्रीकांनी दारियस केले, त्याच्या नावात हाच धातू आहे. जुन्या मराठी कोशांत खासदार म्हणजे मोतद्दार, धन्याच्या घोड्याची निगा राखणारा. तिथून तो दिल्लीला कसा पोचला? मोगलांच्या दिवाण-इ-आम आणि दिवाण-इ-खास या जोडीवरून आमदार-खासदार ही जोडी जुळवली गेली असावी. शब्दार्थ धरला तर आम म्हणजे खालचे सभागृह आणि खास म्हणजे वरचे. पण मराठीने रेघ आडवी न ओढता उभी ओढली: दिल्लीतले दोन्हीकडचे खासदार, मुंबईतले दोन्हीकडचे आमदार. त्यामुळे लोकांनी थेट निवडलेला लोकसभेचा सभासदही ‘खास’ झाला आणि विधानपरिषदेचा ‘आम’. मोतद्दाराचा अर्थ लोप पावला, तरी ‘दार’ उरला. हवालदार, फौजदार, जबाबदार ह्या त्याच्या भावंडांप्रमाणे खासदाराच्या खांद्यावरही काहीतरी ठेवलेले आहे.

शेवटी ‘वरिष्ठ’. हिंदीत राज्यसभा उच्च सदन, लोकसभा निम्न. मराठी त्यांना वरिष्ठ आणि कनिष्ठ म्हणते, क्वचित ‘ज्येष्ठांचे सभागृह’ही म्हणते, म्हणजे उंचीऐवजी आपण वयाचे, घरातले नाते लावतो. घटनेनेही राज्यसभेला तीस वर्षांची अट घातली, लोकसभेला पंचवीस. रोमचे ‘सेनेट’ही ‘सेनेक्स’, म्हातारा, ह्यावरून आलेले, आणि वेदातला ‘सन’, म्हणजे जुना, त्याचाच भाऊ. सनातन त्याच पंक्तीतला. पण नुसत्या वयाने वरिष्ठपण येत नाही, हे महाभारतात विदुराने बजावले आहे: वृद्ध नसतील तर ती सभा नव्हे, आणि धर्म न बोलणारे ते वृद्धच नव्हेत. जुन्या संसदभवनात लिफ्टजवळच्या घुमटावर हा श्लोक कोरलेला आहे. मनू आणखी स्पष्ट आहे: सभेत जाऊच नये, गेले तर खरे बोलावे; गप्प राहणारा सभासद अधर्माचा वाटेकरी होतो. सदस्य म्हणजे बसणारा हे खरे, पण या बसण्याची किंमत तो केव्हा तोंड उघडतो यावरच ठरायची.