ए.टी.डी. म्हणजे काय, मॅडम?

आपल्या या मालिकेत आजवर किल्ले झाले, नाणी झाली, ताम्रपट झाले. आज एका साध्या कागदाची गोष्ट सांगते. हा कागद माझ्याच फाइलमध्ये आहे.

मी मूळची बेळगावची. बारावीनंतर कोल्हापुरात दोन वर्षं राहून ए.टी.डी. केलं, म्हणजे कला शिक्षक पदविका. लग्नानंतर बंगळुरूला आले आणि एका शाळेत चित्रकला शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला. कार्यालयातल्या गृहस्थांनी प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ए.टी.डी. म्हणजे काय, मॅडम?" मी सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "इदु डिग्री अल्ला, मॅडम." ही पदवी नव्हे. त्यांचं चुकलं नव्हतं. जाहिरातीत पदवीच मागितली होती. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून काही जाईना. हा कागद आला कुठून? तो नेमकं कशाचं प्रमाण देतो? शोध घेत गेले, तर धागा थेट लंडनपर्यंत निघाला.

1851 साली लंडनला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं. आपल्या कारखान्यांतल्या मालाची घडण इतरांपेक्षा कमी पडते, ही इंग्रजांची जुनीच चिंता होती. हेन्री कोल या अधिकाऱ्याने सरकारी खात्यामार्फत चित्रकलेचा एक ठरावीक टप्प्यांचा अभ्यासक्रम राबवला. आधी रेघ, मग भूमिती, मग नमुन्यावरून नक्कल, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाभेद. हेतू चित्रकार घडवण्याचा नव्हता. कारागिराचा डोळा आणि हात तयार व्हावा, एवढाच होता. साउथ केन्सिंग्टन पद्धत म्हणतात ती हीच.

तीच पद्धत मुंबईत आली. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 1857 साली सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. 1865 मध्ये तिथे जॉन लॉकवुड किपलिंग शिकवायला आले. लेखक रडयार्ड किपलिंगचे हे वडील. मग 1879 साली रेखाकला हा शिकवण्याचा विषय म्हणून आला. आणि 1893 साली आपल्या गोष्टीतली महत्त्वाची घटना घडली: जे. जे. मध्ये चित्रकला शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला.

मंडळी, इथे जरा थांबू. जे. जे. मध्ये चित्र काढायला शिकवणारे वर्ग तर आधीपासून होतेच. मग वेगळा वर्ग कशाला? कारण ज्याला चित्र काढता येतं त्याला ते शिकवता येतंच असं नाही. एवढी साधी गोष्ट तेव्हाच्या वसाहतीच्या सरकारलाही मान्य करावी लागली. पन्नास मुलं, एक फळा, पाऊण तासाचा तास, निम्म्या मुलांकडे रंगपेटी नाही. अशा वेळी काय करायचं, हे वेगळं शिकावं लागतं. माझ्या ए.टी.डी.चं मूळ त्या जाणिवेत आहे.

या व्यवस्थेचा दुसरा पाय म्हणजे ग्रेड परीक्षा. आपल्यापैकी अनेकांनी एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली असेल. स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती, अक्षरलेखन! छत्री घेऊन पावसात निघालेली माणसं आणि बाजारात भाजी घेणारी बाई आपण सगळ्यांनी काढलेली आहे. आज बरीच मुलं ही परीक्षा दहावीत मिळणाऱ्या वाढीव गुणांसाठी देतात. पण ए.टी.डी.ला प्रवेश घ्यायचा तर इंटरमिजिएट हवीच असायची. म्हणजे खेड्यातल्या शाळेतल्या मुलाला वर चढायला एक शिडी होती: ग्रेड परीक्षा, मग पदविका, मग हाती नोकरी. आणि शिडीच्या पहिल्या पायरीपाशी उभा असायचा शाळेतला ड्रॉइंग मास्तर.

आता आपण बेळगाव-धारवाडकडे येऊ. 1956 पर्यंत बेळगाव, धारवाड, विजापूर आणि उत्तर कॅनरा हे जिल्हे मुंबई राज्यात होते. त्यामुळे इथल्या कन्नड आणि मराठी दोन्ही मुलांची वाट मुंबईकडेच जायची. डी. व्ही. हालभावी जे. जे. मध्ये शिकले आणि परत येऊन त्यांनी धारवाडला चित्रकलेची शाळा काढली. बेळगावात के. बी. कुलकर्णी यांनी शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून हयात घालवली. त्यांच्या हाताखाली तयार झालेला एक मुलगा म्हणजे रवी परांजपे. पुढे जाहिरात आणि बोधचित्रांच्या क्षेत्रात केवढं मोठं नाव झालं! आमच्या बेळगावात आजही जुनी माणसं परांजप्यांचं नाव निघालं की लगेच "के. बी. सरांचा विद्यार्थी" म्हणतात. चित्रकाराची ओळख शाळेतल्या शिक्षकावरून सांगतात, हे लक्षात घ्या.

तिकडे म्हैसूर संस्थानाचा रस्ता निराळा होता. 1906 साली म्हैसूरला चामराजेंद्र टेक्निकल इन्स्टिट्यूटची पायाभरणी झाली. चंदनावरचं कोरीवकाम, हस्तिदंत, शिसवी लाकडातलं जडावकाम अशा दरबारी कारागिरीला तिथे आधार मिळाला. चित्रगारांच्या घराण्यातल्या के. वेंकटप्पांना संस्थानाने कलकत्त्याला अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकायला धाडलं. बंगळुरूत ए. एन. सुब्बराव यांनी 1919 साली कलामंदिर ही संस्था काढली. मुंबईची नजर लंडनच्या पद्धतीकडे, तर म्हैसूरची दरबाराकडे आणि कलकत्त्याकडे.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचना झाली आणि हे दोन्ही रस्ते एका राज्यात आले. आम्हा सीमाभागातल्या लोकांना त्या तारखेच्या बाकीच्या जखमा ठाऊक आहेत, त्या आज नको. पण चित्रकलेच्या बाबतीत त्यातून एक चांगलंही घडलं. मुंबईकडे पाहणारी मुलं बंगळुरूकडे पाहू लागली. बादामीचे आर. एम. हडपद बंगळुरूला आले आणि 1960च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी केन कलाशाळा उभी केली. त्याच दशकाच्या सुरुवातीला, 1960 साली, कर्नाटक चित्रकला परिषद स्थापन झाली होती. एम. एस. नंजुंडराव यांनी ती वाढवली. कुमारकृपा रस्त्यावर दर जानेवारीत भरणारी चित्रसंते ही तिचीच. त्या दिवशी अख्खा रस्ता चित्रांनी भरतो आणि भाजी घ्यावी तसे लोक पिशव्या घेऊन चित्रं पाहत हिंडतात.

हळूहळू पदविकांच्या जागी पदव्या आल्या. चित्रकला विद्यापीठात गेली, तिचा मान वाढला. हे व्हायलाच हवं होतं. मीही अखेर वयाच्या अडतिसाव्या वर्षी बंगळुरूतच दृश्यकलेच्या पदवीला बसले. अठरा वर्षांची मुलं मला पहिले दोन दिवस प्राध्यापक समजून उभी राहायची! तिथे मला खूप मिळालं. मुद्राचित्रण शिकले, मांडणशिल्प म्हणजे काय ते कळलं, हात मोकळा झाला. पण त्या सगळ्या वर्षांत मला एकदाही कुणी वर्गासमोर उभं केलं नाही. कोल्हापुरात पाठ टाचण काढावं लागायचं, फलकलेखनाचा सराव असायचा, शाळेत जाऊन पाठ घ्यावे लागायचे आणि मागच्या बाकावर बसून सर खुणा करायचे. "फळ्याकडे तोंड करून बोलू नका" हे वाक्य माझ्या पदविकेत होतं, पदवीत नव्हतं.

आणि गंमत बघा. नोकरी मिळाली ती पदवीवर. वर्ग सांभाळते ती पदविकेवर.

कायद्याकडे पाहिलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, शंभराहून अधिक मुलं असतील तर कला शिक्षणाला 'अंशकालीन' शिक्षक द्यावा असं लिहिलंय. गणित-विज्ञानाला पूर्ण वेळ, चित्राला अर्धा. ज्या जागेवर माणूस अर्धा वेळच हवा, तिथे त्याला शिकवता येतं की नाही हे कोण बघणार? दुसरीकडे, राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने 2014 च्या नियमावलीत दृश्यकलेच्या शिक्षकांसाठी दोन वर्षांच्या स्वतंत्र पदविकेचे निकष घातले. म्हणजे 1893 ला जे उमगलं होतं, तेच 121 वर्षांनी पुन्हा कागदावर आलं.

साउथ केन्सिंग्टनची नक्कलबाजी आपण टाकून दिली, ते बरंच झालं. पण तिच्याबरोबर 'शिकवणं हीसुद्धा एक कला आहे' हा विचारही बाहेर पडला. आज चित्रकला शिक्षक व्हायचं स्वप्न पाहणारी एखादी मुलगी हे ऐकत असेल तर तिला एवढंच सांगते: पदवी जरूर घे, तिच्यावाचून दार उघडत नाही. पण दार उघडल्यावर आत पन्नास मुलं बसलेली असतात. त्यांच्यासाठीची तयारी वेगळी कर, कुणी मागितली नाही तरी.

त्या कार्यालयातल्या गृहस्थांना आज उत्तर द्यायचं झालं, तर मी म्हणेन: सर, ए.टी.डी. म्हणजे मला चित्र काढता येतं याचा दाखला नव्हे. दुसऱ्याच्या हातात पेन्सिल देता येते, याचा.

भेटू पुढच्या भागात. आणि हो, तुमच्या ड्रॉइंग मास्तरांचं नाव आठवत असेल, तर आज घरी कुणाला तरी नक्की सांगा.