गुग्गुळाच्या काड्या

जैसलमेरच्या पोस्टिंगला असताना पावसाळ्याआधी झाडं लावायचा हुकूम आला आणि मी गुग्गुळ सुचवला. आजी संध्याकाळी धुपाटण्यात निखाऱ्यांवर टाकायची तो, आणि योगराज गुग्गुळाच्या गोळ्यांतला तो, एवढीच माझी ओळख. डोक्याइतकं वाकडंतिकडं काटेरी झुडूप, त्यावर पान नाही. पोरं हसली.

पण फौजेची आणि या डिंकाची गाठ जुनी आहे. इ.स.पू. ३२५ मध्ये सिकंदर सिंधूकडून परत फिरला आणि मकरानच्या वाळवंटात शिरला. अरियन लिहितो, तिथे सुगंधी डिंकाची झाडं इतकी होती की फौजेबरोबरच्या फिनिशियन व्यापाऱ्यांनी ओझ्याच्या जनावरांवर डिंक लादला. तो त्याला गंधरस म्हणतो. झाड गुग्गुळाच्या कुळातलंच असावं. पुढे त्याच वाटेवर भुकेल्या सैनिकांनी ओझ्याची जनावरं मारून खाल्ली. तेव्हा त्या डिंकाला काय किंमत उरली असेल, ते रसद सांभाळलेल्या कुणालाही विचारा.

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’मध्ये सिंधूच्या मुखावरचं बार्बरिकम आणि भडोच, या दोन्ही बंदरांतून गुग्गुळ परदेशी जात असल्याची नोंद आहे. माल शतकानुशतकं गेला, पण तो आला रानातूनच. घाव खोल, वर जास्त डिंक सुटावा म्हणून औषधाचा लेप. डिंक भरभरून येतो आणि झाड वाळून जातं. २०१५ साली आययूसीएनच्या लाल यादीत गुग्गुळ ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला.

बियांपासून रोपं कमीच मिळतात, म्हणून छाटकलम. अंगठ्याएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या आम्ही जूनमध्ये पिशव्यांत लावल्या. आमचा उत्साह फौजी: सकाळ-संध्याकाळ पाणी आणि पहिल्याच आठवड्यात मूठ-मूठ युरिया. पंधरा दिवसांत निम्म्याहून अधिक काड्या बुडापासून कुजल्या. शेजारच्या ढाणीतले म्हातारे बाबा पिशवी उपसून बघत म्हणाले, “साब, अजून तोंड फुटलं नाही आणि तुम्ही जेवायला वाढलंत.” मुळं नसताना खत घ्यायचं कशाने?

दुसऱ्या खेपेला वाळू जास्त, थोडं कुजलेलं शेणखत, पाणी बेतानं. युरियाचं पोतं स्टोअरला परत. पानं लवकर फुटली, पण पानं म्हणजे मुळं नव्हेत, हेही बाबांनीच सांगितलं. म्हणून पुढच्या पावसाळ्यापर्यंत पिशव्या हलवल्या नाहीत.

डिंक काढण्याजोगं झाड व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. माझी पोस्टिंग त्याआधीच संपली. चार्ज देताना यादीत जनरेटर आणि खाटांच्या खाली मी रोपांची संख्या लिहिली, आणि नव्या साहेबांकडून त्यावरही सही घेतली.