पाणबुड्याची कानटोपी

थंडीच्या दिवसांत घराबाहेर पडताना ‘आधी डोके-कान झाक’ ही आज्ञा ज्याने ऐकली नाही, असा मराठी माणूस विरळा. कानटोपी, मफलर, तान्ह्या बाळाची कुंची ही सारी त्या आज्ञेचीच रूपे. आजचा धागा याच कुळातील एका दूरच्या आप्ताविषयी आहे. थंड पाण्यात उतरणारा पाणबुडा डोक्यावर, कानांवर आणि मानेवर जे काळे रबरी आवरण ओढून घेतो, त्या ‘हूड’चा हा इतिहास. मालवण-तारकर्लीला स्कूबा केलेल्यांपैकी फार थोड्यांना ते वापरावे लागले असेल, कारण तेथील समुद्र उबदार. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात मात्र भर उन्हाळ्यातही पाणी १५ अंश सेल्सिअसच्या आगेमागेच असते. तेथे हूड हा चैनीचा विषय राहत नाही.

प्रारंभ एका लोकप्रिय असत्यापासून करू. ‘शरीराची ४० ते ४५ टक्के उष्णता डोक्यातून जाते’ हे वाक्य आपण सर्वांनी वाचले आहे. १९७० च्या सुमारास अमेरिकी सैन्याच्या एका मार्गदर्शक पुस्तिकेत ते छापले गेले आणि पुढे वेदवाक्य झाले. त्यामागे काहीच नव्हते असे नव्हे. १९५७ मध्ये फ्रोझे आणि बर्टन या संशोधकांनी डोक्यातून होणारा उष्णतेचा ऱ्हास मोजला होता. हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या थंडीत आकसतात आणि उष्णता आत राखतात. टाळूच्या रक्तवाहिन्या तशा फारशा आकसत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. उणे ४ अंशांच्या हवेत, स्वस्थ बसलेल्या आणि इतरत्र उबदार कपडे घातलेल्या माणसाच्या उघड्या डोक्यातून शरीरात निर्माण होणाऱ्या उष्णतेचा जवळजवळ निम्मा भाग जाऊ शकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. येथे अटी महत्त्वाच्या आहेत. सारे अंग झाकून एक डोकेच उघडे ठेवले, तर उष्णता जाणार तेथूनच! अंग उघडे असेल, तर डोक्याचा वाटा त्याच्या पृष्ठभागाच्या मानानेच, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास राहतो. २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील एका लेखाने हा समज गैरसमजांच्या यादीत टाकला.

म्हणून हूड निरुपयोगी ठरला का? कथा येथेच रंजक होते. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात गॉर्डन गीझब्रेख्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना १७ अंशांच्या पाण्यात, कधी डोके वर ठेवून तर कधी डोक्यासह, बुडवले. डोके बुडवल्यावर एकूण उष्णतेचा व्यय सुमारे दहा टक्क्यांनीच वाढला. परंतु शरीराचा गाभा गार होण्याचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी वाढला. आकड्यांपुरते पाहिले, तर आजीचे म्हणणे अतिशयोक्त होते. परंतु पाण्याखाली तिचाच सल्ला खरा ठरतो.

आता थोडे मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकात पाणबुड्याच्या डोक्यावर तांब्याचे जड शिरस्त्राण असे आणि आत तो विणलेली लोकरीची टोपी घाली. आत हवा होती, डोके कोरडे होते, तेव्हा लोकर पुरेशी होती. झाक-ईव्ह कुस्तो यांची प्रसिद्ध लाल टोपी ही त्याच जुन्या पाणबुड्यांची आठवण. कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये ॲक्वालंग सिद्ध केले आणि पाणबुडा माशासारखा मुक्त झाला. त्याचबरोबर त्याचे डोके प्रथमच तासन्‌तास थेट पाण्यात आले. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते.

त्या काळी सुचलेला उपाय सरळ होता: पाणी आत येऊच द्यायचे नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या मानवी टॉर्पेडोवर स्वार होणाऱ्या सैनिकांना स्लेडन पोशाख मिळाला. डोक्यापासून पायापर्यंत रबरी कापड, आत लोकरी कपडे. सैनिकांनी त्याचे नाव ठेवले ‘क्लॅमी डेथ’, म्हणजे गारढोण, दमट मृत्यू. असे टोपणनाव उगाच पडत नाही. रबर स्वतः ऊब देत नाही. ऊब देते आतील कोरडी लोकर. कापड कोठे फाटले की लोकर भिजते आणि सारा बेत पाण्यात जातो.

ही कोंडी फोडली ती एका भौतिकशास्त्रज्ञाने. ह्यू ब्रॅडनर हे मॅनहॅटन प्रकल्पात काम केलेले, पुढे बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात असलेले गृहस्थ. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांच्या अडचणींवर विचार करताना त्यांना उमगले की कोरडे राहण्याची गरजच नाही. ऊब वायूच्या बारीक पोकळ्यांमुळे टिकते. तो वायू कापडातच कोंडलेला असेल, तर अंग ओले झाले तरी बिघडत नाही. विलर्ड बॅस्कम यांनी त्यासाठी फेसाळ निओप्रीन सुचवले. हे कृत्रिम रबर १९३० मध्येच ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मले होते.

वेटसूटचा जनक कोण, हा वाद पुढे बराच रंगला. सॅन फ्रान्सिस्कोचे जॅक ओ’नील आणि रेडोंडो बीचचे मिस्ट्रेल बंधू हे दोघेही दावेदार. इतिहासाच्या अभ्यासकांनी येथे एक गोष्ट टिपून ठेवावी: निर्णय जाहिरातींनी लागला नाही, एका पत्राने लागला. ब्रॅडनर यांनी २१ जून १९५१ रोजी लॉरिस्टन मार्शल यांना लिहिलेल्या पत्रात ही कल्पना मांडलेली आहे. पेटंट मात्र त्यांना मिळाले नाही, आणि नौदलाला शंका आली की निओप्रीनमधील वायूमुळे पाणबुडा सोनारवर दिसेल! पैसा आणि नाव इतरांनी कमावले.

या शोधाने काय बदलले, हे मोजण्याची संधी कोरियात मिळाली. जेजू बेट आणि दक्षिण किनाऱ्यावरील हेन्यो, म्हणजे श्वास रोखून तळाशी जाणाऱ्या, शंख-शिंपले आणि समुद्रशैवाल गोळा करणाऱ्या स्त्रिया, सुती कपड्यांत बुडी मारीत. डोक्याला कापड बांधीत, किंवा कान आणि मान झाकणारी ‘क्काबुरी’ नावाची कापडी टोपी घालीत. ती त्यांची कुंचीच म्हणायची. हिवाळ्यात पाणी १० अंशांपर्यंत उतरे; थोड्याच वेळात बाहेर येऊन दगडी आडोशातल्या शेकोटीशी बसावे लागे. १९६० च्या दशकात शरीरशास्त्रज्ञ सुक-की हाँग आणि सहकाऱ्यांनी या स्त्रियांची तपासणी केली. विश्रांतीतही त्यांचे शरीर हिवाळ्यात त्याच गावातील इतर स्त्रियांपेक्षा सुमारे ३० टक्के अधिक उष्णता निर्माण करीत होते. थंडीने त्यांचे शरीरच बदलले होते.

१९७० च्या दशकात त्यांच्यापर्यंत वेटसूट आणि काळे हूड पोहोचले. पाण्यातील वेळ कित्येक तासांवर गेला, कमाई वाढली. संशोधक पुन्हा गेले, तेव्हा अवघ्या काही वर्षांत ते अनुकूलन मावळले होते. पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा वाटणारी गोष्ट वस्तुतः दर हिवाळ्यात नव्याने कमावलेली होती. जपानच्या किनाऱ्यावरील काही गावांनी मात्र अतिउपसा होईल या भीतीने वेटसूटवर निर्बंध घातले. या स्त्रियांची थंडीच इतकी वर्षे शंख-शिंपल्यांचे रक्षण करीत होती. मला या साऱ्या इतिहासातील हा भाग सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो.

आता प्रश्न उरतो तो निवडीचा. तुमच्यापैकी कोणी थंड समुद्रात उतरणार असाल, तर ब्रॅडनर यांचे तत्त्व दुकानातही उपयोगी पडते. हूड पाणी अडवत नाही, आत शिरलेले थोडे पाणी हलू देत नाही. ते पाणी सतत बदलत राहिले, तर ७ मिलिमीटरचा हूडही व्यर्थ. म्हणून जाडीपेक्षा बेत महत्त्वाचा. साधारणतः बेताच्या गारव्याला ३, त्याहून थंड पाण्याला ५ आणि १० अंशांच्या आसपास ७ मिलिमीटर असा प्रघात आहे. तथापि १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, निओप्रीनमधील वायू आक्रसतो आणि जाडी घटते, हेही लक्षात असावे.

चेहऱ्याभोवतीची कड कपाळाला आणि हनुवटीला चिकटून बसावी, पण मास्कच्या रबराखाली येऊ नये. अन्यथा मास्कमध्ये पाणी झिरपते. मानेचा भाग लांब असेल तर तो सूटच्या गळ्याखाली खोचता येतो आणि पाठीवरून उतरणारी थंड धार थांबते. माथ्यावर बारीक छिद्रे असलेला हूड घ्यावा, नाहीतर मास्कमधून सुटलेली हवा आत साचून डोके फुग्यासारखे वर ओढले जाते.

आणि ‘घट्ट तितका चांगला’ हा हिशेब मानेपाशी चुकतो. गळ्याच्या दोन्ही बाजूंना रक्तदाब जोखणारी केंद्रे असतात; त्यांवर सतत दाब पडला तर हृदयाची गती मंदावते, घेरी येते. कानांवर हूड हवाबंद बसला तर खोल जाताना बाहेरचा कान ओढला जाऊन दुखतो. उतरण्याआधी बोटाने कड उचलून दोन्ही बाजूंनी थोडे पाणी आत घ्यावे. एकाच कानात गार पाणी शिरले तर काही क्षण दिशाच कळेनाशी होते. दुकानात हूड चढवून मान दोन्ही खांद्यांकडे वळवून पाहा, आवंढा गिळा, आणि पाच मिनिटे तसेच थांबा. पहिल्या मिनिटाला केवळ घट्ट वाटणारा हूड पाचव्या मिनिटाला गळा आवळू लागला, तर तो परत ठेवून एक माप मोठा मागा.