काष्ठवास्तूचे आयुष्य : होर्यूजी व इसे यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
लाकूड कुजते, जळते, त्यास कीड लागते. असे असूनही जगातील सर्वांत प्राचीन, आजही उभ्या असलेल्या लाकडी इमारती जपानमध्ये आहेत. नाशवंत माध्यमातील वास्तू शतकानुशतके कशी टिकते आणि तिचे 'मूळ रूप' कशास म्हणावयाचे, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

होर्यूजी : दुरुस्तीची परंपरा
नारा परिसरातील होर्यूजी या बौद्ध मंदिराची स्थापना इ. स. 607 च्या सुमारास झाली. 670 च्या आगीनंतर ते पुन्हा बांधले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मात्र तेथील सुमारे 32 मीटर उंचीच्या पंचमजली पॅगोड्याचा मध्यस्तंभ 594 मध्ये तोडलेल्या वृक्षाचा असल्याचे वृक्षवलयांच्या अभ्यासातून 2001 मध्ये पुढे आले. म्हणजे स्तंभ इमारतीहून जुना ठरतो. ते लाकूड राखून ठेवलेले होते की अन्य वास्तूतून आणलेले, हा वाद मिटलेला नाही.

येथील मुख्य लाकूड हिनोकी या सूचिपर्णी वृक्षाचे होय. खांब व तुळया प्रामुख्याने खाच व कुसू यांनी जोडलेल्या आहेत. खिळे वापरलेच जात नसत, हा समज खरा नाही. घडीव लोखंडी खिळे येथेही आढळतात. तथापि जोड उकलता येतात, हे या रचनेचे मर्म आहे. कुजलेला भाग तेवढाच काढून तेथे नवे लाकूड सांधता येते. 26 जानेवारी 1949 रोजी मुख्य मंदिरास आग लागली, तेव्हा दुरुस्तीसाठी उतरवून ठेवलेला वरचा भाग वाचला. भित्तिचित्रांची मात्र अपरिमित हानी झाली. 1950 चा सांस्कृतिक संपदा संरक्षण कायदा या आघातातून आला.

इसे : पुनर्निर्मितीची परंपरा
इसे येथील शिंतो मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्याने बांधले जाते. 690 मध्ये सुरू झालेली ही प्रथा यादवीच्या काळात शतकाहून अधिक काळ खंडित झाली होती. 2013 मध्ये 62 वे पुनर्निर्माण झाले. जुन्या मंदिराचे मुख्य खांब पुढे उजी पुलाच्या तोरणद्वारांसाठी वापरले जातात. वीस वर्षांच्या अंतरामुळे वृद्ध सुताराचे कसब तरुणाच्या हाती प्रत्यक्ष कामातून जाते.

अरण्य व कारागीर
दोन्ही परंपरा अखेर अरण्यावर अवलंबून आहेत. किसो खोऱ्यात तोकुगावा काळात ओवारी संस्थानाने हिनोकी तोडण्यावर कडक बंदी घातली होती. तरीही विसाव्या शतकात याकुशीजी मंदिराच्या पुनर्बांधणीसाठी पुरेसे मोठे वृक्ष जपानमध्ये मिळेनात. प्रमुख सुतार निशिओका त्सुनेकाझू (1908–1995) यांना तैवानचे लाकूड वापरावे लागले. विस्मरणात गेलेला 'यारिगान्ना' हा भाल्याच्या पात्यासारखा रंधाही त्यांनी पुन्हा प्रचारात आणला.

निष्कर्ष :
होर्यूजीत लाकूड जपले गेले, इसे येथे कृती जपली गेली. वास्तूच्या अस्सलपणाचा विचार त्या त्या संस्कृतीच्या संदर्भात व्हावा, ही भूमिका 1994 च्या नारा दस्तऐवजाने मांडली. 2020 मध्ये युनेस्कोने जपानच्या काष्ठवास्तू-संवर्धनाच्या कौशल्यांचा अमूर्त वारसा म्हणून स्वीकार केला. वास्तू वाचवावयाची तर आधी वृक्ष आणि सुताराचा हात वाचवावा लागतो, हेच या इतिहासातून स्पष्ट होते.