अलान्या : बंदर, किल्ला आणि विसरलेली माणसे

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, भूमध्य समुद्रात घुसलेल्या एका डोंगराच्या पायथ्याशी अलान्या हे शहर वसले आहे. उन्हाळ्यात युरोपातील पर्यटकांनी त्याचा किनारा फुलून जातो. येथील सर्वांत प्रसिद्ध किनाऱ्याला क्लिओपात्राचे नाव आहे. ती येथे समुद्रस्नान करीत असे, अशी दंतकथा सांगितली जाते. इतिहासाला मात्र तिचा संबंध ठाऊक आहे तो लाकडापुरता. मागच्या टॉरस पर्वतात देवदाराची अरण्ये होती. जहाजबांधणीसाठी हे लाकूड मिळावे म्हणून अँटनीने हा प्रदेश तिला दिला, असे स्ट्रॅबो या प्राचीन भूगोलकाराने नोंदवले आहे.

त्याआधी येथे समुद्री चाच्यांचे राज्य होते. तेव्हा या गावाचे नाव कोराकेशन. इ.स.पूर्व ६७ मध्ये रोमन सेनापती पाँपी याने याच गावाजवळच्या समुद्रात चाच्यांचा पराभव केला.

शहराला खरे वैभव आले ते सेल्जुक काळात. १२२१ मध्ये सुलतान अलाउद्दीन कैकुबाद याने ते जिंकले. येथील ख्रिस्ती अधिपतीने किल्ला स्वाधीन केला. सुलतानाने त्याला दुसरीकडे जहागीर दिली आणि त्याच्या मुलीशी विवाह केला. पुढे शहर सुलतानाच्याच नावाने 'अलाइया' म्हणून ओळखले जाऊ लागले. १२२६ मध्ये बंदराच्या तोंडाशी सुमारे ३३ मीटर उंचीचा अष्टकोनी लाल बुरूज उभा राहिला. तो बांधणारा अबू अली हा वास्तुकार हलबचा, म्हणजे सिरियाच्या अलेप्पोचा. जवळच १२२८ ची पाच कमानींची जहाजगोदी आजही उभी आहे. वर बालेकिल्ल्यात सेल्जुकांच्या आधीचे छोटे बायझंटाईन चर्च आहे. किल्ला हाती आल्यावर सुलतानाने ते पाडले नाही.

१३३० च्या सुमारास इब्न बतूता येथे उतरला. तो लताकियाहून जिनोआच्या जहाजाने आला होता. जहाजावरील ख्रिस्ती लोकांनी त्याला सन्मानाने वागवले आणि भाडेही घेतले नाही, हे त्याने आवर्जून सांगितले आहे. येथून इजिप्तला लाकूड जाते, अशीही त्याची नोंद आहे. पुढे आपल्या दौलताबादेस आणि नंदुरबारला येऊन गेलेला प्रवासी तो हाच.

१४७१ मध्ये शहर उस्मानी साम्राज्यात आले. तेथे मुसलमान आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती शेजारी म्हणून राहत. हे ख्रिस्ती तुर्कीच बोलत. शहराजवळच्या डोंगरावरील एका चर्चमध्ये ग्रीक अक्षरांत कोरलेला तुर्की भाषेतील लेख आहे. परंतु १९२३ च्या करारान्वये तुर्कस्तान आणि ग्रीस यांनी लोकसंख्येची अदलाबदल केली, तेव्हा कसोटी लावली ती धर्माची. भाषा कोणी विचारली नाही. तुर्की बोलणाऱ्या ख्रिस्त्यांना ग्रीसला जावे लागले आणि क्रीट बेटावरील ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानात आले. दोघेही नव्या मुलखात परकेच ठरले. मराठी ही ज्यांची मायबोली आहे, त्या आम्हा मुसलमानांना ही कहाणी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

१९४८ मध्ये धक्क्यासाठी दगड काढताना दमलाताश ही गुहा सापडली. तिची दमट हवा दम्यावर गुणकारी मानली गेली आणि लोक येऊ लागले. मग हॉटेले वाढली. लाकूड पाठवणारे बंदर पाहुण्यांवर जगू लागले.

पर्यटनाने गावाला भाकरी दिली, हे आम्ही नाकारत नाही. पण पाहुण्याला क्लिओपात्राची दंतकथा सांगितली जाते, तशी हलबच्या अबू अलीची आणि गाव सोडून गेलेल्या तुर्कीभाषक ख्रिस्त्यांचीही हकीकत सांगितली जावी. हे शहर त्यांनीही घडवले आहे. त्या हकीकतीला दंतकथेची गरज नाही. तिचे पुरावे दगडात कोरलेले आहेत.