इतिहासाधारित रसायन प्रयोगशिक्षण

रसायनशास्त्राच्या प्रारंभिक प्रयोगवर्गात पूर्वीचे निर्णायक प्रयोग त्या काळच्या प्रश्नांसह विद्यार्थ्यांकडून करून घेण्याची अध्यापनपद्धती. एरवी निष्कर्ष आधीच ठाऊक असल्याने विद्यार्थी निरीक्षणे त्याला जुळतील अशी लिहितो. येथे निष्कर्ष राखून ठेवतात आणि मूळ संशोधकाजवळ होती तेवढीच माहिती देतात.

हार्व्हर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष व रसायनज्ञ जेम्स ब्रायंट कोनंट यांनी विज्ञानेतर विद्यार्थ्यांसाठी ऐतिहासिक प्रकरणांवर आधारलेले अध्यापन १९४० नंतरच्या दशकात पुढे आणले. त्यात भर वाचन-चर्चेवर होता. १९६० नंतरच्या दशकात लिओपोल्ड क्लॉफर यांनी अमेरिकी माध्यमिक शाळांसाठी अशी प्रकरणे तयार केली.

प्रयोगवर्गाला सर्वांत उपयुक्त उदाहरण स्कॉटिश रसायनज्ञ जोसेफ ब्लॅक यांचे. चुनखडी भाजली की मिळणारा कळीचा चुना जिभेला पोळतो, पाणी घातले की खदखदतो. तेव्हा भट्टीतला अग्नीच त्यात शिरला असावा, असे मानत. हे मत विद्यार्थ्यांना आधी पूर्ण ताकदीने पटवून द्यावे लागते. ते हास्यास्पद वाटले तर पुढच्या वजनमापाला अर्थच उरत नाही. ब्लॅक यांनी १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत १२० ग्रेन खडूपासून ६८ ग्रेन चुना मिळाला. म्हणजे काही शिरले नव्हते, निघून गेले होते. तो चुना सौम्य अल्कलीच्या (म्हणजे अल्कली कार्बोनेटच्या) द्रावणात टाकल्यावर ११८ ग्रेन खडू परत मिळाला. निघून गेलेल्या वायूला त्यांनी ‘स्थिर वायू’ म्हटले. तोच कार्बन डायऑक्साइड. आजच्या हिशेबाने शुद्ध खडूच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या, वजनात ४४ टक्के घट येते, ब्लॅक यांची घट सुमारे ४३ टक्के होती. परत न मिळालेले दोन ग्रेन गेले कुठे, यावरची चर्चा प्रयोगातील त्रुटींवरच्या कोणत्याही व्याख्यानाहून अधिक शिकवते.

खडू पूर्ण भाजायला बन्सन ज्योत सहसा पुरत नाही, विद्युत भट्टी लागते. ती नसेल तर ब्लॅक यांनीही वापरलेला मॅग्नेशिया अल्बा (क्षारीय मॅग्नेशियम कार्बोनेट) घेता येतो. तो कमी तापमानाला विघटित होतो. मात्र त्यातून पाणीही निघते, त्यामुळे सगळी घट वायूच्या नावे मांडता येत नाही. चुना व उरलेले द्रावण दाहक असल्याने चष्मा आणि हातमोजे आवश्यक.

प्रत्येक जुना प्रयोग जसाच्या तसा करणे योग्य नाही. फ्रेंच रसायनज्ञ लव्हाझिये यांनी हवेचा किती भाग खर्ची पडतो हे पाहण्यासाठी बंद हवेत पारा बारा दिवस तापवला. पाऱ्याची वाफ विषारी असल्याने त्यांची आकडेवारी फक्त वाचायला देतात. त्याऐवजी पाण्यावर उपड्या धरलेल्या नळीत ओली पोलादी लोकर गंजू देतात. काही दिवसांत नळीतील हवेचा सुमारे पाचवा भाग कमी होऊन पाणी वर चढते.

अशा प्रात्यक्षिकाला एक तासिका पुरत नाही. गुणही बरोबर उत्तराला न देता वजनांच्या नोंदींवरून केलेल्या युक्तिवादाला द्यावे लागतात.